राबातला लव्हाळा

गेल्या मे महिन्यात ग्रामपंचायतीनं माझ्या अंगावर शाल घातली. फेटा बांधला, नारळ दिला, आणि सरपंचांनी माइकवरून सांगितलं की बागेच्या कचऱ्याचं सोनं कसं करावं ते सोपानरावांकडून शिकावं. समोर बायकांच्या रांगेत हिराक्का बसल्या होत्या. त्यांनी जोरजोरात टाळ्या वाजवल्या आणि शेजारणीला कोपरानं ढोसून माझ्याकडे बोट केलं. शाल लोकरीची, मंडपात पंखा नाही. मला दरदरून घाम फुटला तो उकाड्यानं असं सगळ्यांना वाटलं.

त्यानंतर या अंकाच्या संपादकांचा फोन आला, तुमच्या कामाविषयी लिहा म्हणून. मी दोन पानं लिहिली. पालापाचोळा जाळू नये, खड्डा किती खोल असावा, वगैरे. पानं वाचून पाहिली आणि फाडून टाकली. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, पण मंडपातला घाम पुन्हा फुटला.

मी माळी. लोकांना वाटतं माळी म्हणजे झाडं लावणारा. लावायला दोन दिवस लागतात हो, पुढची वीस वर्षं झाडाचं खाली पडलेलं उचलण्यात जातात. भोर-वेल्ह्याकडे धरणांच्या पाण्याकडेनं पुण्याच्या मंडळींनी बंगले बांधले. मंडळी शनिवारी संध्याकाळी येतात, रविवारी संध्याकाळी जातात. गवत मात्र सोमवारपासून शुक्रवारपर्यंत वाढतं. अशा एकवीस बंगल्यांचा कचरा मी नि माझा टेम्पो वाहत होतो.

सुरुवातीला मीही इतरांसारखाच होतो. कुंपणावरून पलीकडे फेकला की कचरा संपला. पावसाळ्यात तोच कचरा ओढ्यात जाऊन मोरीत अडकला, रस्त्यावर पाणी आलं, एसटी दोन तास अडकून पडली, आणि कंडक्टरनं माझ्या खानदानाचा उद्धार केला. तेव्हापासून मी ढीग वेगळे करायला लागलो. ओलं गवत नि कोवळी छाटणी एका बाजूला, ती खड्ड्यात शेणाबरोबर थर देऊन कुजवायची. वाळका पाला दुसरीकडे. काटक्या-फांद्या मोळी बांधून चुलीला. आणि चौथा ढीग वैऱ्यांचा. हे नाव माझं. त्यात कण्हेर, कीड लागलेली फांदी, बी धरलेलं तण, आणि सगळ्यांत वर लव्हाळा.

लव्हाळा ज्यांना माहीत नाही त्यांनी स्वतःला सुखी समजावं. वरून दिसायला साधं गवत, पण जमिनीत त्याच्या काळ्या गाठी असतात, एकीला दुसरी दोऱ्यानं ओवल्यासारख्या. वरचं उपटलं की हातात पाती येते आणि गाठ खाली हसत बसते. खड्ड्यात कुजत नाही, नांगरानं मोडली तर एकीच्या चार होतात. तिचा उपाय एकच. मातीसकट खणून काढायची, उन्हाळ्यात पत्र्यावर पसरायची, आणि दोन-तीन आठवडे रोज उलटीपालटी करत वाळवायची, चुरगळली की पीठ होईपर्यंत. कंटाळवाणं काम आहे. मी हे काम इतक्या नेमानं करायचो की बंगल्यावरचे लोक मला 'पत्र्यावाले' म्हणायचे.

गिऱ्हाइकांचे नमुने एकेक होते. एक निवृत्त साहेब पानगळीत अंगणात खुर्ची टाकून बसायचे आणि पान पडलं की हाक मारायचे, "सोपान, अजून एक." मी शेवटी त्यांना म्हटलं, "साहेब, झाडाला सांगून बघा, माझं ऐकत नाही." ते हसले नाहीत, पण पुढच्या रविवारी खुर्ची वऱ्हांड्यात घेतली. आंबवड्याकडच्या एका बंगल्यावर कण्हेरीचं कुंपण छाटत होतो, तर रस्त्यानं जाणारी एक म्हातारी हिरवा पाला बघून शेळ्यांसाठी तो कवेत भरायला लागली. मी धावत जाऊन तिच्या हातातनं ओढून घेतला.

"दोन फांद्यांसाठी जीव जातो व्हय रं तुजा?" ती खवळली.

"माजा न्हाई मावशे, तुज्या शेळ्यांचा जाईल. कण्हेर हाय ती."

तिला पटलं नाही. आठवडाभर ती मला चिक्कू म्हणत गावभर फिरली. हा किस्सा मी पुष्कळ ठिकाणी सांगितलाय, मंडपातही सांगितला. आपण किती दक्ष होतो ते त्यातून छान दिसतं.

आता राबाचं सांगतो, कारण माझी शाल राबामुळे होती.

आमच्याकडे भाताचं रोप टाकायच्या आधी ती जागा भाजून घेतात. वैशाखात त्या तुकड्यावर आधी शेणाचा थर, त्यावर झाडांचा पाला आणि डहाळ्या, त्यावर गवत, आणि सगळ्यांत वर माती. माती अशासाठी की आगीनं भडकू नये, धुमसत राहावं. मग वाऱ्याच्या उलट बाजूनं पेटवून द्यायचं. याला राब म्हणतात. भाजलेल्या जागेत तण कमी उगवतं आणि रोप तरतरीत येतं. आता शेतकी खात्याची माणसं जाळू नका म्हणतात, त्यांचंही खरं असेल. पण म्हाताऱ्या माणसांना राबाशिवाय रोप टाकणं पटत नाही. पंचाईत अशी की पाल्यासाठी डोंगरात जायचं, डहाळ्या तोडायच्या, भारे डोक्यावरून आणायचे. ज्यांच्या घरात तरणं माणूस राहिलं नाही त्यांनी काय करायचं?

मला एके दिवशी सुचलं की माझ्याकडे वाळक्या पाल्याचे टेम्पोच्या टेम्पो आहेत. तो मी अशा घरांना नेऊन टाकायला लागलो. पहिलं घर हिराक्कांचं.

हिराक्का म्हणजे आमच्या शेजारच्या वाडीतल्या. मालक जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी सासरी. दोन्ही गुडघे गेलेले, तरी भाताची चार खाचरं एकटी लावायची बाई. त्यांच्या वरच्या अंगाला बांधाला बांध लावून दीर दगडूतात्यांची खाचरं. मधे बांध होता एवढंच, वागणं एका घरासारखं होतं. औत तात्यांचं यायचं, जाऊबाई शांतावहिनी आणि हिराक्का आवणीला, म्हणजे भाताचं रोप लावायला, एकमेकींच्या शेतात वाकायच्या, भाकरी एकाच फडक्यातली खायच्या. मी पहिला टेम्पो पाला टाकला तेव्हा हिराक्कांनी मला बांधावरच बसवून जेवायला घातलं. "पोटच्या पोरानं केलं नसतं रं सोपाना," असं म्हणाल्या. मला ते फार आवडलं. पुढं दर वर्षी माझ्या पाल्याची वाट बघून त्या राब रचायच्या.

तर त्या वर्षी असं झालं. धरणाकडच्या एका बंगल्यावर हिरवळीत लव्हाळा माजला होता. बंगला नुकताच विकत घेतलेल्या बाईंनी ठरवलं, जुनी हिरवळ मुळासकट काढायची आणि नवी बसवायची. मी चार-चार बोटं मातीसकट सगळी उखडली, ढेकळांचा ढीग लावला. आता हे पत्र्यावर पसरायचं होतं. पण बाईंकडे परवा वास्तुशांत. मांडववाले आलेले, आचारी आलेले, आणि माझा ढीग बरोबर जेवणाच्या पंगतीच्या जागेवर.

"सोपान, हे आजच्या आज दिसायला नको," त्या म्हणाल्या. "कुठं न्यायचं ते तू बघ."

माझ्या घराकडे आधीच दुसऱ्या बंगल्याची ढेकळं पत्र्यावर वाळत होती. जागा नव्हती. आभाळ भरून आलं होतं, वळीव आला तर सगळं पुन्हा हिरवं होणार. आणि हिराक्कांचा सकाळीच निरोप आलेला, राब अडलाय, पाला कधी आणतोस.

मी टेम्पोत खाली ढेकळं भरली आणि वर वाळका पाला.

हे मी गाफीलपणे केलं नाही. वाटेत घाट उतरताना मनाशी हिशेब मांडला. राबावर वरून माती टाकतातच की. तीच ही माती. खाली आग, वर ढेकळं, गाठी भाजून निघतील, उलट आक्कांना माती उकरायचे कष्ट वाचतील. म्हणजे मी उपकारच करत होतो बघा. ज्या माणसानं वीस वर्षं पत्र्यावर गाठी उलट्यापालट्या केल्या, त्याला पक्कं माहीत होतं की धुमसत्या राबाची धग वरच्या ढेकळाच्या पोटात पोचत नाही. कडेची ढेकळं तर नुसती कोमट होतात. तरी मी स्वतःला पटवलं.

"माती बी आणलीस व्हय?" हिराक्कांनी विचारलं.

"बागेतली हाय आक्का, पोसलेली."

"द्येव तुजं भलं करो."

त्यांनी ती ढेकळं आपल्या हातानं राबावर रचली, गुडघा धरत धरत.

रोपाबरोबर लव्हाळा उगवला. पहिल्या वर्षी थोडा, आक्कांनी खुरपून काढला. आवणीला तो रोपाच्या मुठीतनं चारी खाचरांत गेला. भाताच्या उभ्या पाण्यात तो दबून राहतो, पण भात काढून हरभरा पेरला की वर येतो. दुसऱ्या वर्षी हरभऱ्यात लव्हाळा नव्हे, लव्हाळ्यात हरभरा शोधावा लागला. रोपाचा तुकडा तर हातचा गेला. मी पाला टाकायला जायचो तेव्हा आक्का वाकून खुरपत असायच्या, कमरेला पदर खोचून, एक पाय लांब करून. मी लवकर टेम्पो रिकामा करायचो आणि निघायचो.

आक्कांना प्रश्न पडला, हा आला कुठनं? आमच्या शेतात पिढ्यान्‌पिढ्या नव्हता. तात्यांच्या बांधाला थोडा होता, तो कुणाच्या बांधाला नसतो? आणि तात्यांच्या खाचरातलं पाणी आक्कांच्या खाचरात उतरायचं. एका सकाळी मी टेम्पो घेऊन पोचलो तर बांधाच्या दोन्ही बाजूंनी दोघं उभी. आक्कांचा आवाज चढलेला.

"तुमी बांध साफ ठेवत न्हाई, आनि ते समदं माज्यात उतरतंय. म्या एकली बाई, म्या किती खुरपू?"

"वयनी, माज्या शेतात इतका हाय का? बघा की येऊन."

"मंग काय आभाळातनं पडला?" त्या वळल्या आणि त्यांना मी दिसलो. "ह्यो सोपाना जाणता हाय. त्यालाच इचारा. सांग रं, लव्हाळा कसा येतो?"

दोघंही माझ्याकडे बघत होती. तात्यांच्या चेहऱ्यावर मला बघून हायसं वाटल्याचं दिसलं, आता उलगडा होईल म्हणून. शांतावहिनी मागं विळा घेऊन थांबल्या होत्या. माझ्या तोंडात खरं उत्तर तयार होतं. अगदी ओठावर होतं.

"पाण्याबरोबर येतो, आक्का," मी म्हणालो. "गाठी वाहत येत्यात. वरनं."

यात तसं खोटं काही नाही, कुणाही माळ्याला विचारा. गाठी पाण्याबरोबर वाहतात. तात्यांनी मान खाली घालून आपल्या बांधाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "आसंल," म्हणाले. "तू म्हनतोस म्हंजे आसंल." मी पाला टाकला आणि निघालो. त्या दिवशी घरी जेवण गेलं नाही, आणि मी बायकोला पित्त झालंय म्हणून सांगितलं.

त्या दिवसापासून बांधापलीकडचं बोलणं तुटलं. औत यायचं बंद झालं, आक्कांनी भाड्यानं ट्रॅक्टर सांगितला. पुढच्या पावसाळ्यात मी पाहिलं, तात्यांनी आपल्या खाचरात बांधाच्या कडेनं पाच हात रुंदीचा पट्टा पडीक सोडला होता आणि मधे चर खणून पाणी दुसरीकडे वळवलं होतं. भाताची जमीन अशी कोण सोडतं? मी समजलो, रागानं सोडली. तसं समजणं सोयीचं होतं.

चौथ्या वर्षी शांतावहिनी गेल्या. कावीळ झाली आणि महिन्यात आटोपलं. भावकी म्हणून हिराक्कांनी तेरा दिवस सुतक पाळलं, देवपूजा बंद ठेवली, पण दिराच्या दारात पाऊल टाकलं नाही. तिरडी त्यांच्या घरावरून गेली तेव्हा दार लोटलेलं होतं. मी खांदा द्यायला होतो. दाराच्या फटीतून पदर दिसला. नुसतं दार ढकलून 'आक्का, चूक माझी आहे, बाहेर या' एवढंच म्हणायचं होतं. चार पावलांचं काम होतं, आणि खांद्यावर तिरडी आहे ही मला चांगली सबब मिळाली.

एवढं सगळं पोटात ठेवून मी मंडपात शाल घेतली. घरी आल्यावर ती खुंटीला टांगली. दोन दिवस येता-जाता दिसत राहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी चालत हिराक्कांकडे गेलो. टेम्पो मुद्दाम नेला नाही, पाला आणलाय असं त्यांना वाटलं असतं.

त्या रोपाच्या तुकड्यात खुरपत होत्या. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. वास्तुशांत, ढेकळं, वरून पाला. त्यांचं खुरपं थांबलं.

"किती हुती?"

"अर्धा टेम्पो, आक्का."

"आनि तुला ठावं हुतं, गाठी हायेत म्हून?"

"व्हय."

"बांधावर म्या इचारलं, तवा बी?"

"तवा बी."

त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी तयारीनं गेलो होतो. त्यांनी समोर उपटलेल्या लव्हाळ्याच्या ढिगाकडे पाहिलं, मग बांधापलीकडे.

"मला सांगून काय उपेग? जा. त्यांना सांग. मला आत्ता तुजं त्वांड बगवना."

तात्या ओसरीवर दोरी वळत बसले होते. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. त्यांचे हात थांबले, पण दोरीचा पीळ त्यांनी सोडला नाही.

"म्हंजे माज्या शेतातनं न्हाई गेला?"

"न्हाई, तात्या."

"बांधावरनं बी न्हाई?"

"न्हाई."

"मग त्यो पट्टा..." ते म्हणाले आणि थांबले. तेव्हा मला कळलं. तो पट्टा रागानं सोडलेला नव्हता. माझ्या एका वाक्यावर विश्वास ठेवून त्या माणसानं स्वतःला दोषी धरलं होतं. आपल्यातला लव्हाळा वहिनीच्या शेतात उतरू नये म्हणून भाताची पाच हात जमीन इतकी वर्षं रिकामी ठेवली होती, आणि दर उन्हाळ्यात तो चर स्वतः खणला होता.

"न्हाई ना गेला?" त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा नाही म्हणालो.

भिंतीवर शांतावहिनींचा फोटो होता. ते त्याच्याकडे बघून म्हणाले, "ती शेवटाला म्हनायची, ताईंना बोलवा. म्या म्हनलं, कुठल्या त्वांडानं बोलवू? चूक आपलीच हाय, वयनीचं बरुबर हाय. तिला बी तेच वाटत ऱ्हायलं." मग माझ्याकडे वळून अगदी साध्या आवाजात विचारलं, "आता तिला कुठं सांगू रं मी?"

मी ओसरीच्या पायरीवर बसून राहिलो. थोड्या वेळानं त्यांनी पुन्हा दोरी वळायला घेतली. जा म्हणाले नाहीत, बस म्हणाले नाहीत.

कामं मी सोडली आहेत, टेम्पो विकला. यंदा मेपासून एक दिवसाआड सकाळी हिराक्कांच्या शेतात जातो. खणायचं, गाठी वेचायच्या, घमेल्यात भरायच्या, घरी नेऊन पत्र्यावर पसरायच्या. एका माणसाच्यानं चार खाचरं साफ व्हायला किती वर्षं लागतील सांगता येत नाही. माझ्या वयाकडे बघता उरलेली पुरणार नाहीत. आक्का काही बोलत नाहीत. मी आलेला त्यांना दिसतो, एवढंच.

परवा, दिवाळीच्या तोंडावर, एका खाचरातलं भात काढून झालं होतं, मी कोपरा खणत होतो. तात्या पलीकडे आपल्या पडीक पट्ट्यावर कुदळ चालवत होते. चर बुजवत होते. घराकडून आक्का आल्या, एका हातात किटली, दुसऱ्या हातात दोन कप. मी खुरपं खाली ठेवलं, हात धोतराला पुसले आणि उठायला लागलो. त्या माझ्याजवळून पुढं गेल्या. बांधाशी आल्यावर त्यांचा गुडघा धरला. तात्यांनी कुदळ टाकून हात पुढं केला. त्या हाताला धरून आक्का बांध ओलांडून पलीकडे गेल्या, चराच्या कडेला दिराशेजारी बसल्या, आणि दोन्ही कप भरले.

मी पुन्हा खाली बसलो आणि पुढची गाठ शोधायला लागलो.